तव्याच्या कोपऱ्यातला घास

आमच्या घरी चूल कोणाला दाखवत नसत. पाहुणा कितीही जवळचा असला तरी त्याला पडवीत बसवायचं, पाणी द्यायचं आणि ताट बाहेर आणून वाढायचं. चुलीची खोली सगळ्यात आत. तिला खिडकी नव्हती आणि दार इतकं बुटकं की लहान पोरालाही वाकावं लागे. आत गेलं की आधी काहीच दिसत नसे, फक्त धूर आणि टोळीच्या तेलाचा वास. टोळी म्हणजे मोहाचं फळ, त्याचं तेल आम्ही दिव्याला आणि भाजीलाही वापरत होतो. चुलीच्या मागच्या कोपऱ्यात आमच्या घरचे मेलेले लोक बसतात. बसतात म्हणजे काय, ते मला नीट सांगता येणार नाही. तिथे मूर्ती नाही, फोटो नाही, एक मडकं आहे, बस. भात उतरला की पहिला घास त्या कोपऱ्यात ठेवायचा. मोहाची दारू काढली तर पहिले थेंब तिथे सांडायचे. मग आपण तोंडात घालायचं. त्या खोलीत फक्त घरचे लोक जातात. मुलगी लग्न होईपर्यंत घरची, नंतर नाही. आज मी माहेरी गेले तर भावाच्या पडवीत जेवते आणि आतल्या दाराकडे पाहत नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. आम्हा गोंडांच्या घरी असंच आहे.

हे आधी सांगितलं, कारण हे माहीत नसेल तर माझ्या काकाचं प्रकरण कोणाला कळणार नाही. दसरू काका बाबांचा धाकटा भाऊ. तो दिल्लीला एका जपानी हॉटेलात स्वयंपाकी होता आणि त्या हॉटेलात चूल खोलीच्या मधोमध होती. लोक तिच्या भोवती बसत. परके लोक, रोज नवे, ज्यांची जात, कुळ, गाव काही ठाऊक नाही असे. काका त्यांच्या डोळ्यांसमोर शिजवायचा आणि ते बघायचे. ही गोष्ट त्याने पहिल्यांदा घरी पडवीत बसून सांगितली. आजी म्हणाली, "त्यायले लाज नाई येत का, दुसऱ्याच्या चुलीत पाह्याले?"

काका तिकडे पोचला कसा, ते थोडक्यात सांगते. गडचांदूरकडे सिमेंटचा कारखाना उभा राहत होता. यंत्रं बसवायला जपानी माणसं आली होती. काका त्यांच्या क्वार्टरमध्ये भांडी घासायला लागला, मग भात शिजवू लागला. त्यांना त्याच्या हातचा भात आवडला. काम संपल्यावर त्यांच्यातल्या एकाने त्याला दिल्लीला आपल्या ओळखीच्या हॉटेलवाल्याकडे नेलं. एवढंच. पण आमच्या गावात एवढ्यावर कोण विश्वास ठेवणार? जंगलातल्या माणसाला भात शिजवता येतो म्हणून कोणी दिल्लीला नेतं का? बाबाला वाटायचं, तो तिथे दुसरंच काहीतरी करतो. माझी माय म्हणायची, त्याला विकलं असेल. विकलेला माणूस सुटीवर घरी कसा येतो, हे मी तिला विचारलं तर तिने मला चुलीतलं लाकूड दाखवलं.

मी लहानपणापासून अशीच आहे. दुकानदाराने गूळ दिला तर आधी चाखायचा, मग घ्यायचा. चौथीपर्यंत शिकले, पण मास्तरने फळ्यावर बेरीज लिहिली की मी आधी बोटांवर करून पाहायचे, त्याची चुकली तर नाही ना. आजही सून म्हणते, "आई, तुम्ही दवाखान्यातल्या डॉक्टरचीबी उलटतपासणी घेता." घेते. काय बिघडलं?

आता आज्याचं सांगते, कारण खरी कुरबुर तिथून सुरू झाली. आजा म्हातारपणी बहिरा झाला होता. माणसाचं बोलणं त्याच्या कानात शिरेना. तो दिवसभर परसात बांबूचे टोपले विणत बसायचा आणि जेवायला हाका मारून मारून आजीचा घसा बसायचा. मग तिने युक्ती काढली. तव्यावर सराटा आपटायचा. सराटा म्हणजे भाकर उलटायचं लोखंडी उलथणं. टक-टक, टक-टक-टक. लोखंडावर लोखंड वाजलेलं त्याला कळे. टोपलं खाली ठेवून तो धोतर झटकत येई. शेजारच्या बाया हसायच्या. म्हणायच्या, "बुढी बुढ्याले बैलावानी बोलावते." आजी म्हणायची, "बैल तरी येते का तुमचा?" आम्हा पोरांना तो आवाज इतका सवयीचा झाला होता की तो वाजला की भूक लागायची. ताटात काय, तर भात, अंबाडीची भाजी, कधी वैनगंगेचे वाळवलेले झिंगे मिरचीत परतलेले. झिंग्यांचा वास परसाच्या टोकापर्यंत जाई. आज्याला तो सगळ्यात आवडायचा.

आजा मेला तेव्हा काका दिल्लीत होता. त्याला वेळेवर कळलं नाही. आमच्यात माणूस गेल्यावर त्याला परत घरी आणतात, कोपऱ्यात बसवायला. नाव घेऊन हाक मारायची, वाटेवरून घरापर्यंत बोलावत आणायचं. चुलीच्या खोलीत चाळलेली राख पसरायची, तिच्यावर टोपली पालथी घालायची आणि दार लावायचं. सकाळी टोपली उचलली की राखेत काहीतरी खूण दिसली पाहिजे. पायाची, बोटाची, कशाचीही. ती दिसली म्हणजे माणूस आला. बाबाने सगळं रीतीप्रमाणे केलं. सकाळी टोपली उचलली तर राख जशीच्या तशी. पुन्हा केलं. पुन्हा तशीच. तिसऱ्यांदा करायची बाबाची हिंमत झाली नाही. आजी त्या दिवसापासून कोपऱ्यात घास ठेवायची, पण ठेवताना म्हणायची, "तू नाईस इथी, मले माहीत आहे. बाकीच्यायले देते."

म्हणजे घरात एक माणूस हरवलेला होता. मेलेला आणि वर हरवलेला. आणि घरात कोणाचं काही बिघडलं, बैल लंगडला, मायला ताप आला की सगळे एकमेकांकडे बघायचे. बुढा कुठी आहे?

अशात काका आला. सोबत सावलीकडची त्याची बायको, माझी काकी, आणि तिच्या मांडीवर पोरगा. पोराला अजून नाव नव्हतं. आमच्यात पोराला आधी चुलीच्या खोलीत नेतात, कोपऱ्यापुढे ठेवतात, घरच्या लोकांना दाखवतात, मग नाव. त्याआधी तो कोणाचाच नसतो. काकी आंघोळ करून, पोराला तेल लावून, पदरात घेऊन आतल्या दारापाशी आली आणि बाबा दारात आडवा उभा राहिला.

"आधी सांग," तो काकाला म्हणाला, "तिथी का शिजवून राह्यला तू?"

"झिंगे, मासोळी, कोंबडी. भाजी. भात. किती डाव सांगू, भाऊ?"

"आन् कासव?"

कासवाची गोष्ट बाबाच्या डोक्यात मारोतीने घातली होती. मारोती बाबाचा दोस्त, बल्लारशाला लाकडाच्या डेपोत कामाला. त्याला कोणीतरी सांगितलं होतं की जपानी लोक पाण्यातलं हलणारं सगळं खातात, कासवसुद्धा. आमचं कुळ कासवाचं. आम्ही त्याला मारत नाही, खात नाही. रस्त्यात दिसलं तर उचलून पाण्यात सोडतो. ज्या हाताने कासव कापलं तो हात आमच्या चुलीला लागू शकत नाही. तसा हात असलेला बापही नाही आणि त्या बापाचा पोरगाही नाही.

काका हसला. म्हणाला, "काहीबी का बोलता, भाऊ?" पण तो आधी हसला आणि मग बोलला. बाबाचा हसणाऱ्या माणसावर विश्वास नव्हता.

मग काकाने आपलं कसब दाखवून सगळ्यांना गप्प करायचं ठरवलं. तिथे तो अंडं हवेत उडवतो आणि सराट्याच्या धारेवर झेलून फोडतो, लोक टाळ्या वाजवतात, असं तो म्हणाला. मायने एक अंडं दिलं. काकाने अंगणात उभं राहून ते उडवलं. अंडं वर गेलं, आंब्याच्या फांदीला लागलं आणि खाली कुत्र्यापुढे पडलं. कुत्र्याने टरफलासकट खाल्लं. "कुत्र्याले पसंत आहे तुझी नौकरी," बाबा म्हणाला आणि दार लावून घेतलं.

काकी रडली नाही. तिने पोराचं तेल पुसलं आणि पडवीत जाऊन बसली. मला ती त्या वेळेपासून आवडू लागली, पण तिच्यावर विश्वास ठेवावा असं वाटलं नाही. ती दिल्लीला राहिलेली. नवऱ्याचं झाकणार नाही तर काय करणार?

तोड आजीने काढली. "बुधीले पाठव," ती बाबाला म्हणाली. बुधी म्हणजे मी. "पोरगी घरचीच आहे अजून. वाचता येते. आन् तिले कोणी उल्लू बनवू शकत नाई. जाईन, आपल्या डोऱ्यानं पाहीन, येऊन सांगीन." बाहेर सांगायचं की काकीच्या पोराला सांभाळायला चालली. काकालाही तेच सांगितलं, पण काका मूर्ख नव्हता. बल्लारशाला गाडीत बसल्यावर तो मला म्हणाला, "चांगलं पाह्य बरं, बुधी. सगळं पाह्य." हेही त्याने हसत म्हटलं. मी लिहून ठेवल्यासारखं डोक्यात ठेवलं.

दिल्लीतली खोली लहान होती. चूल नव्हती, स्टोव्ह होता, आणि तो दारासमोरच. जाणारा येणारा प्रत्येक माणूस आमचा भात बघू शकत होता. काकीने स्टोव्हपुढे जुनं लुगडं टांगलं होतं. शेजारीण पंजाबी. ती ते लुगडं बाजूला सारून विचारायची, "आज क्या बनाया?" काकी रोज खोटं सांगायची. भाजी असली तर डाळ, डाळ असली तर भाजी. मला ते पटलं. तिच्यावरचा माझा संशय थोडा कमी झाला.

"तू गेली होती का कधी हॉटेलात?" मी तिला विचारलं.

"नाई वो माय. मले नाई पाह्याचं. पाह्यलं आन् काही दिसलं तर मंग मी का करू?"

हे तिचं बोलणं मला खरं वाटलं आणि म्हणूनच माझी झोप उडाली.

काकाने मला दुपारच्या वेळी नेलं. हॉटेलच्या दारावर अर्धाच पडदा होता, निळ्या कापडाच्या पट्ट्या. आतल्या लोकांचे पाय दिसत होते, तोंडं दिसत नव्हती. असा पडदा कशासाठी? लपवायचं तर पूर्ण लपवा. मालक जपानी म्हातारा, पांढऱ्या सदऱ्यातला. त्याने माझ्यापुढे कमरेत वाकून मान झुकवली. माझ्यासारख्या पोरीपुढे मालक कशाला वाकेल? मी मागे सरकले. त्याने पुन्हा मान झुकवली. मी आणखी मागे सरकले आणि तांदळाच्या पोत्याला धडकले. काका म्हणाला, "अवं, त्यायच्यात असंच रामराम करते." असेल. मी मात्र पोत्यात हात घालून तांदूळ पाहिला. आखूड, जाड, आपल्याकडच्या जुन्या धानासारखा. त्यात काही वाईट नव्हतं.

आणि मग मी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर कासव होतं.

मोठं चित्र, काचेत लावलेलं. कासवाच्या मागे शेपटीसारखं हिरवं शेवाळ लोंबत होतं आणि शेजारी एक उंच पांढरा पक्षी. चंद्रपूरला बाजाराच्या दिवशी मी खानावळी पाहिलेल्या होत्या. ज्या खानावळीच्या भिंतीवर कोंबडा काढलेला असतो तिथे कोंबडा मिळतो, बोकड काढला असेल तर बोकड. हे अडाण्यालाही कळतं. चित्र काढतातच त्यासाठी. मला वाटलं, आता दुसरं काही पाहायची गरज नाही, पहिल्या गाडीने घरी जावं.

काकाने माझी नजर पाहिली. या वेळी तो हसला नाही. त्याने मालकाला बोलावलं आणि हिंदीत विचारलं. मालक मोडक्या हिंदीत मला म्हणाला, "ये अच्छा है. लंबा जिंदगी. हजार साल. खाना नहीं. कभी नहीं." त्याने दोन्ही हात जोडून कासवापुढे मान झुकवून दाखवली.

"पाह्यलं?" काका म्हणाला. "थे त्यायचं शुभ आहे. आपल्यावानीच."

मी म्हटलं, "बोकडालेबी कापायच्या आधी हार घालतेत."

काकाने कपाळावर हात मारला. मग म्हणाला, "जा, आतलं सगळं शोध. मी अडवत नाई." मी शोधलं. त्याला वाटलं असेल की मी लाजेन. मी बर्फाच्या पेटीत डोकं घातलं, एकेक डबा उघडला, हुंगला. झिंगे होते, आमच्यापेक्षा चौपट मोठे. मासोळ्या होत्या. कोंबडी, मांस, मोड आलेले मूग, कांदे, काळ्या पाण्यासारखं खारट काहीतरी. केराच्या डब्यातही काडी घालून पाहिलं. कवच नव्हतं. कासवाला आणखी कुठे लपवतील? तिथली पोरं मला पाहून खिदळत होती. खिदळू दे.

नंतर गिऱ्हाईक आलं आणि काकाने मला भाज्या धुण्याच्या जागी बसवलं. तिथून तवा पूर्ण दिसत होता. तवा म्हणायचा म्हणून तवा, एखाद्या बाजेएवढी लोखंडी पाटी होती, काळी, चकचकीत, खालून आग. तीन बाजूंनी उंच खुर्च्या. सुटाबुटातली माणसं, तोकड्या केसांच्या बाया, सगळे कोपर टेकून बसलेले आणि चुलीत बघत होते. मी आधी मान खाली घातली. सवयच तशी. दुसऱ्याची चूल पाहायची नाही. पण मला पाहायलाच पाठवलं होतं. मी पाहिलं.

काका मधे उभा राहिला. डोक्यावर उंच पांढरी टोपी. घरी पडवीत मान खाली घालून बसणारा माणूस तो नव्हताच. दोन्ही हातांत दोन सराटे. त्याने तव्याच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे कोणी बसलेलं नव्हतं, शिजलेल्या भाताचा एक घास ठेवला. एक झिंगा चिमटीने उचलून त्या घासावर ठेवला. दारूची बाटली उघडली आणि तिचे पहिले थेंब त्याच कोपऱ्यात सोडले. त्याचे ओठ हलले. पंख्याच्या घरघरीत मला ऐकू आलं नाही, पण आपल्या घरचा माणूस कोणाचं नाव घेतोय ते ओठांवरून कळतं. मग त्याने सराटे तव्यावर आपटले. टक-टक, टक-टक-टक.

माझ्या हातातला कांदा खाली पडला.

त्यानंतर त्याने उरलेली बाटली तव्यावर ओतली, ज्वाला छतापर्यंत गेली, बाया किंचाळल्या, माणसांनी टाळ्या वाजवल्या. अंडंही उडवलं आणि धारेवर झेललं. तिथे आंब्याचं झाड नव्हतं. पण मी ते नीट पाहिलंच नाही. मी कोपऱ्यातल्या घासाकडे बघत होते. तो कोणी खाल्ला नाही, कोणी विचारला नाही. गिऱ्हाइकांना वाटलं असेल, तमाशातलाच एक भाग. शेवटी काकाने तो कागदात गुंडाळला आणि मागच्या गल्लीत झाडाखाली ठेवून आला.

घरी येताना मी विचारलं, "रोज देता का?"

"रोज. पयल्या दिवसापासून. आपली चूल नाई तर नाई, पण घरच्यायले उपाशी कसं ठेवू?"

"आन् सराटे काऊन वाजवता तसे?"

"हाताले सवय आहे. बुढी वाजवे ना. मालकाले आवडलं, म्हणे रोज वाजव."

त्याला यात काही दिसलं नव्हतं. मला दिसलं.

धान निघाल्यावर आम्ही सगळे गावी आलो. पोरगा रांगायला लागला होता आणि त्याला अजून नाव नव्हतं. पडवीत सगळे बसले, मारोतीही येऊन बसला. मी जे पाहिलं ते पाहिल्यासारखं सांगितलं. भिंतीवर कासव आहे. तव्यावर नाही, पेटीत नाही, केरात नाही. मारोती म्हणाला, "लपवलं असन." मी म्हटलं, "तू जा मंग. केर उचकाले तुलेबी घेतीन ते." मग मी कोपऱ्यातल्या घासाचं सांगितलं. मला वाटलं होतं बाबा खूश होईल.

बाबा उठून उभा राहिला. "म्हणजे तू बुढ्याले तिथी नेऊन बसवलं? परक्यायच्या मधात? नाचगाण्याच्या जागी? मी इथी रस्त्यानं बोंबलत येतो, राख पसरवतो, आन् तो दिल्लीले बसून झिंगे खाते?"

"मी नेलं नाई, भाऊ! मी तं फक्त..."

"मंग तो इथी आला काऊन नाई?"

काकी पोराला घट्ट धरून बसली होती. बाबा म्हणाला, "ज्यानं घरचा माणूस पळवला, त्याचा पोरगा ह्या घरात नाई येणार." कासवापेक्षा हे वाईट झालं होतं, आणि ते माझ्या खरं सांगण्याने झालं होतं. मला त्याचा पश्चात्ताप नाही. मला खोटं सांगायला पाठवलं नव्हतं.

मग मी टक-टकचं सांगितलं. ते राहिलं होतं. मी जमिनीवर दोन काड्या आपटून दाखवलं, जसं ऐकलं तसं.

आजी भिंतीला टेकून बसली होती. ती सरळ झाली. बाबाकडे वळून तिने विचारलं, "मोठ्या, तू रस्त्यानं कशी हाक मारली होती बुढ्याले?"

"नाव घेऊन. रीतीनं."

"तोंडानं?"

"मंग कायनं?"

"बह्यऱ्याले?" आजी म्हणाली. "अरे, जिता होता तव्हाबी तुझी हाक ऐकू नाई आली त्याले. मेल्यावर का कान उघडले?"

माय आधी हसली, तोंडावर पदर धरून. आजी मात्र हसत नव्हती. ती उठली, आत गेली, तवा आणि सराटा घेऊन बाहेर आली आणि काकाच्या हातात दिले. "जेथून तो जेवते तेथून त्याले बोलव. झिंगे परत. आन् वाजव." बाबा काही बोलायला गेला तर म्हणाली, "तू चूप. तुझ्या हाकेचं पाह्यलं."

काका चुलीच्या खोलीत गेला. आम्ही घरचे सगळे आत दाटीवाटीने बसलो. फक्त काकी आणि पोरगा दाराबाहेर. काकाने वैनगंगेचे झिंगे मिरचीत परतले, भाताचा घास कोपऱ्यात ठेवला, मोहाचे थेंब सोडले आणि सराटा वाजवला. टक-टक, टक-टक-टक. त्या बंद खोलीत तो आवाज डोक्यात बसत होता. बाबाने डोळे मिटले होते. आजीने राख पसरली, टोपली पालथी घातली, सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लावलं. "दारापाशी मीच झोपते," ती म्हणाली.

सकाळी बाबाने टोपली उचलली. राखेत खूण होती. अंगठ्याची, स्वच्छ, बोट जिथे दाबलं तिथे राख बाजूला सरलेली. बाबा तिथेच खाली बसला. लहान पोरासारखा रडला आणि मग उठून स्वतः बाहेर गेला, काकीच्या हातून पोराला घेतलं, वाकून दारातून आत आणलं आणि कोपऱ्यापुढे ठेवलं. पोराला आज्याचं नाव दिलं. काकाला त्याने मिठी वगैरे मारली नाही, आमच्यात तसं करत नाहीत. एवढंच म्हणाला, "आंघोळ कर. जेव." सगळ्या गावाला झिंगे आणि भात वाढला, पडवीत.

मी खूण पाहिली तशी आजीच्या पायाकडेही पाहिलं. तिच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला राख लागलेली होती. ती चुलीत रोज वावरते, लागू शकते. मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं आणि पाय लुगड्यात ओढून घेतला. मला कोणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

काका दिल्लीतच म्हातारा झाला आणि तिथेच वारला. मालक त्याच्या आधी गेला, हॉटेल मात्र अजून चालू आहे. माझी नात तिकडे नोकरीला आहे. मागच्या महिन्यात ती मैत्रिणींना घेऊन तिथे जेवायला गेली आणि मला मोबाईलवर चित्रफीत पाठवली. दारावर त्याच निळ्या पट्ट्या, तोच तवा, भिंतीवर कासव. स्वयंपाकी नवा पोरगा, कुठल्या डोंगराकडचा असावा. त्याने सुरुवातीला डाव्या कोपऱ्यात भाताचा घास ठेवला, वर एक झिंगा, बाटलीचे थेंब आणि सराटे आपटले. टक-टक, टक-टक-टक. मी ते पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. नातीने त्याला विचारलं होतं, हे कशासाठी? तो म्हणाला, "पता नहीं मैडम, यहाँ शुरू से ऐसा ही करते हैं."

आता मला सांगा. राखेतला अंगठा जर आजीचा होता तर आजा घरी आलाच नाही. आणि तिकडे अजून रोज त्याला कोणीतरी झिंगा वाढतंय, त्याला कळेल अशा आवाजात बोलावतंय. माझ्या भावाच्या चुलीपुढे मला जाता येत नाही, आणि तिथे कोणीही जाऊन कोपर टेकून बसतं. मी नातीला फोन केला. म्हटलं, "पुन्हा गेली तर त्या डाव्या कोपऱ्यात हात टेकवू नको."

"काऊन, आजी? गरम राहते म्हणून?"

"नाई. आपला बुढा जेवत असन तिथी."

ती हसली. हसणाऱ्या माणसावर माझाही विश्वास नाही.